चरापलीकडे तीस पावलं

बंदरावरच्या खिडकीतल्या माणसाने पासातला आकडा वाचला, मग पेटीतल्या रायफलीवरचा वाचला, आणि दोन्ही सारखे आहेत म्हणून पास परत दिला. ‘शिकार चांगली होवो,’ तो जांभई दाबत म्हणाला. बाबांनी पास कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावायला घेतलं. ते लागेपर्यंत मेर्या बघत राहिली. हल्ली ती बाबांची बटणं बघायला शिकली होती.

नोव्हेंबरातला शुक्रवार होता. हेलसिंकीहून टॅलिनला जाणारं सकाळचं जहाज अर्धं रिकामं होतं. बाबा खिडकीशी बसले, कॉफीत साखर घातली, आणि बोलायला लागले. मेर्याला याच दोन तासांची वर्षभर वाट असायची. एरवी ताइस्तो हा माणूस दिवसाला वीस शब्दांत भागवायचा. लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं करवतीच्या आवाजात गेली, तिथे बोलून उपयोग नव्हता, आणि सवय तीच राहिली. पण या जहाजावर, पाणी दिसायला लागलं की त्यांना आपली आई आठवायची, पहिला कुत्रा आठवायचा, बर्फावर अडकलेला ट्रॅक्टर आठवायचा. या वर्षी ट्रॅक्टरची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा ट्रॅक्टरचा रंग बदलला होता. मेर्याने दोन्ही वेळा शेवटी मान हलवली.

एकोणऐंशी वर्षांचे बाबा गेली एकतीस वर्षं नोव्हेंबरात समुद्र ओलांडून रानडुकराच्या शिकारीला लेपिस्ते गावी जात. तिथे त्यांचा दोस्त कल्यु होता. बंदूक घेऊन दुसऱ्या देशात जायचं तर पास लागतो, आणि पासाबरोबर कुणीतरी बोलावल्याचा कागद. तो कागद दर सप्टेंबरात कल्युच्या हाताचा यायचा. या वर्षीचा असा होता: ‘मी, कल्यु, पूर्ण शुद्धीवर असताना, ताइस्तो नावाच्या इसमाला डुक्कर मारायला बोलावतो. डुकरांना विचारलं, त्यांना भीती वाटत नाही.’ खाली सही आणि शिकारमंडळाचा शिक्का. सरकारी कागदाला जोडायची चीज नव्हती ती, पण एकतीस वर्षांत कुणी हरकत घेतली नव्हती.

या वर्षी पासाची मुदत संपलेली होती. नवा काढायला सप्टेंबरात मेर्याच बाबांना परवाना कार्यालयात घेऊन गेली. खिडकीत तिशीची एक मुलगी होती, छातीवर हेन्ना असं नाव लावलेलं.

‘पासावर कुठली बंदूक घालायची?’ तिने विचारलं.

‘आजोबांची,’ बाबा म्हणाले. ‘अक्रोडाच्या दस्त्याची.’

हेन्नाने पडद्यावर शोधलं. ‘अशी काही नोंद दिसत नाही मला,’ ती म्हणाली आणि तिने मान वर केली.

ती रायफल बाबांनी मेर्याच्या लग्नाच्या वर्षी विकली होती. ते लग्न मोडूनसुद्धा आता वीस वर्षं होत आली होती.

मेर्या हसली. ‘तिला जाऊन एक जमाना झाला. थट्टा करतात ते. सगळ्यांशी असंच.’ आणि तिने घरच्या कपाटातल्या रायफलीचा आकडा सांगितला. तो तिने पाठ करून आणला होता. का पाठ केला, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

हेन्नाही हसली. बाबांनी आधी मेर्याकडे पाहिलं, मग हेन्नाकडे, आणि मग तेही हसले. एका श्वासाइतकं उशिरा.

बाकी सगळं व्यवस्थित होतं. ऑगस्टात नेमबाजीची परीक्षा झाली होती, पंचाहत्तर मीटरवर मूस हरणाचं चित्र आणि चार गोळ्या. मैदानावरचा माणूस म्हणाला होता, ‘ताइस्तो, चारही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकतील की रे.’ बाबांचे हात शाबूत होते. परीक्षा हातांचीच होती.

टॅलिनच्या बंदरावर कल्यु जुनी व्हॅन घेऊन उभा होता. उंच, वाकलेला, कानांवर केस. रशियन राज्य असताना या किनाऱ्यावर समुद्रापलीकडच्या फिनिश टीव्ही वाहिन्या लोक चोरून बघायचे, त्यांवरच तो फिनिश शिकला होता. त्यामुळे तो एक तर बातम्या दिल्यासारखा बोलायचा, नाहीतर साबण विकल्यासारखा.

‘काय रे, अजून आहेस का?’ तो बाबांना म्हणाला. ‘मी तुझ्या मयताचा कोट धुवायला टाकला होता.’

‘तो तुला आता होणार नाही,’ बाबा म्हणाले. ‘पोट बघ.’

‘पोट नव्हे ते, माइमुने साठवलेला हिवाळा आहे.’ माइमु ही कल्युची बायको.

मेर्या मागच्या सीटवर बंदुकीची पेटी धरून बसली. असं उत्तर येत होतं तोवर काही बिघडलेलं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

घरी पोचल्यावर दोघं म्हातारे सौनात, वाफेच्या न्हाणीत, गेले. मेर्या अंगणात लाकडं रचत होती. अर्ध्या तासाने कल्यु एकटाच बाहेर आला, लाल झालेला, अंगातून वाफा निघतायत, खांद्यावर टॉवेल. तो लाकडांच्या ढिगाशी आला आणि उगाच एक ओंडका उचलून पुन्हा ठेवला.

‘पोरी, ताइस्तोचं काय चाललंय?’

‘कशाचं?’

‘आत त्याने मला दोनदा विचारलं, माझी आई कशी आहे म्हणून. आईला मातीत घातली तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता. फावडं त्याच्याच हातात होतं.’

मेर्याने लाकूड ढिगात नीट बसवलं. ‘वय झालंय.’

‘वय माझंही झालंय. मी मेलेल्यांची खुशाली विचारत नाही.’ त्याने टॉवेल आवळून घेतला. ‘उद्या त्याला घरी ठेवायचा का? मी सांगितलं तर ऐकेल तो. रुसेल, पण ऐकेल.’

तेव्हा हो म्हणायचं होतं. पुढे कित्येक महिने मेर्या मनाने त्या ढिगाशी परत परत जाऊन उभी राहिली, आणि प्रत्येक वेळी तिथे एकच शब्द पडलेला असायचा. पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढे भलतंच होतं. घरातलं बंदुकांचं रिकामं कपाट. पोलीस पेटी उचलून नेतायत आणि बाबा दारात उभे आहेत. आणि जहाजावरचे दोन तास. ते आता कुठून यायचे?

‘नको,’ ती म्हणाली. ‘पुढच्या वर्षी मीच त्यांना सांगेन. या वेळी जाऊ द्या. फक्त जरा लक्ष ठेवाल का?’

कल्युने थोडा विचार केला. ‘ठेवतो. कुणी बंदूक घेऊन कुठे बसायचं, त्या ठाण्यांच्या चिठ्ठ्या टोपीत घालायचं काम माझंच असतं. सात नंबर त्याच्या हातात पडेल असं बघतो. मी डुकरं हाकत येतो, त्या वाटेच्या बरोबर समोर सात येतो. मी झाडीतून सरळ त्याच्याकडेच निघतो.’

‘वेल्लोला नका सांगू.’

‘वेल्लोला कशाला सांगू? तो लगेच नियमांचा कागद पुढे करेल.’ आणि मग त्याच्या त्या बातम्यांच्या आवाजात, ‘शिकारमंडळाच्या अध्यक्षांनी या घटनेबाबत तीव्र चिंता व्यक्त केली आहे.’

मेर्या हसली. सौनाच्या दारातून बाबांची हाक आली, ‘कल्यु, मेलास की काय?’ आणि तो आत पळाला.

जेवायला डुकराचं मांस आणि आंबवलेली कोबी होती. बाबांनी तीनदा वाढून घेतलं आणि माइमुला म्हणाले की तिच्यासारखी कोबी फक्त त्यांची आई करायची. माइमु म्हणाली, ‘खोटं बोलायलासुद्धा भूक लागते वाटतं.’ सगळे हसले. तो दिवस तिथे संपला.

शनिवारी सकाळी धुकं होतं. झाडांचे शेंडे दिसत होते, बुंधे नव्हते. शिकारमंडळाच्या लाकडी झोपडीपुढे पंधरा-वीस माणसं नारिंगी जाकिटं घालून उभी राहिली. वेल्लो मंडळाचा अध्यक्ष. निवृत्त वनरक्षक. त्याने दरवर्षीप्रमाणे नियम सांगितले. बंदूकवाले आपापल्या ठाण्यावर थांबतील. पहिलं शिंग वाजलं की हाका सुरू. हाकेकरी झाडीतून ओरडत पुढे सरकतील आणि ठाण्यांच्या अलीकडे खणलेल्या चराशी येऊन थांबतील. दुसरं शिंग वाजलं की बंदुका रिकाम्या करायच्या, आणि त्यानंतरच हाकेकऱ्यांनी चर ओलांडायचा. त्याआधी कुणी पाऊल टाकायचं नाही. टोपी फिरली. बाबांनी चिठ्ठी काढली, सात. कल्युने मेर्याकडे पाहिलंही नाही.

मेर्या घरी परतली. ठरलेलं होतं, शिकारीच्या दिवशी ती माइमुबरोबर स्वयंपाकघरात असायची. पहिलं शिंग दुरून ऐकू आलं. मग कुत्रे, मग माणसांचे आवाज, धुक्यात भिजून आल्यासारखे. माइमु गोळ्यांच्या आवाजावरून कांदे काढायची. बार कमी तर नेम बरा, म्हणून जास्त कांदे. धडाधड बार झाले की ती म्हणायची, आज बटाट्यांवर भागवा.

अकराच्या सुमारास बार ऐकू आला. एक. मग काहीच नाही.

‘एकच,’ माइमु म्हणाली. ‘हा तुझ्या बापाचा. दुसरा कुणी एकात थांबत नाही. कांदे काढ, पाच-सहा काढ.’

मेर्याने सहा कांदे काढले. चौथा चिरत असताना तिच्या लक्षात आलं की दुसरं शिंग अजून वाजलेलं नाही. मग ते वाजलं, पण एकदा नाही, पुन्हा पुन्हा, दम लागलेल्या माणसाने फुंकल्यासारखं. माइमुने सुरी खाली ठेवली.

वेल्लो स्वतः आला. टोपी हातात होती आणि गुडघ्यांपर्यंत चिखल. त्याने दारातच सांगितलं. माइमुने विचारलं, ‘पोचलात तेव्हा कल्यु बोलत होता का?’ वेल्लो नाही म्हणाला. मग ती शेगडीकडे गेली आणि तिने गॅस बंद केला, दोन्ही बटणं, एकेक करून. मेर्याच्या हातात अजून कांदा होता.

मेर्या पोचली तेव्हा बाबा ठाण्यावरच बसून होते. त्यांच्या समोर कोवळ्या स्प्रूसची दाट झाडी होती, माणसाच्या छातीएवढी. ती हलली म्हणून त्यांनी गोळी घातली होती. पोलिसांना ते म्हणाले, ‘डुक्कर होतं. मोठं होतं.’ मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मेर्याला विचारलं, ‘कल्यु कुठाय? त्याला सांग, मदत लागेल उचलायला.’

पोलिसांनी रायफल ठेवून घेतली आणि पासही. पास बघणारा अधिकारी तरुण होता. त्याने पासातला आकडा आणि रायफलीवरचा आकडा ताडून पाहिला, निमंत्रणपत्र वाचलं, नेमबाजीच्या परीक्षेचा दाखला वाचला. ‘कागद सगळे बरोबर आहेत,’ तो म्हणाला. तो दिलासा द्यायलाच बोलत होता.

कल्यु चराच्या पलीकडे तीस पावलांवर सापडला होता. दुसरं शिंग व्हायच्या आधी तो चर ओलांडून आला होता. का, ते कुणालाच सांगता येईना. मेर्याला कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, ती तर स्वयंपाकघरात होती.

बाबांवर गुन्हा नोंदला गेला आणि चौकशी चालू राहील असं सांगून त्यांना घरी जाऊ दिलं. परतीच्या जहाजावर ते पूर्ण वेळ गप्प होते. डिसेंबरात ते विचारू लागले, कल्युचा फोन कसा आला नाही. मेर्याने एकदा त्यांना खरं सांगितलं. सगळं, सावकाश, हात धरून. ते ऐकून बाबांचं जे काही झालं ते तिने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘लाईन खराब आहे त्यांच्याकडे.’ त्यानंतर लाईन खराबच राहिली. बाबा विसरले तेवढं सगळं मेर्याच्या वाट्याला येत गेलं, जणू एका घरात ते कुणीतरी लक्षात ठेवायलाच हवं होतं.

फेब्रुवारीत बाबांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ते गेले. शेवटच्या दिवसांत ते फार थोडं बोलले. एकदा म्हणाले, ‘ट्रॅक्टर निघाला का?’ मेर्या म्हणाली, निघाला.

त्यांच्या अंत्यविधीला गिरणीतले चार म्हातारे आले. एकाने शवपेटीवर स्प्रूसची डहाळी ठेवली, शिकाऱ्याला ठेवतात तशी. मेर्याला ती काढून घ्यावीशी वाटली. तिने काढली नाही.

मार्चमध्ये माइमुचा फोन आला. नोव्हेंबरनंतर पहिलाच.

‘तुझ्या बापाचं ऐकलं,’ ती म्हणाली. ‘देव त्याला... काय ते. चांगला होता तो.’

मेर्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘आरोपीच गेला म्हणून पोलिसांनी फाईल मिटली. मला काही म्हणायचं नाही त्याबद्दल. पण शिकारमंडळाचा अहवाल आलाय. त्यात लिहिलंय, कल्युने विनाकारण चर ओलांडला.’ ती थांबली. ‘झोपडीत ती फळी आहे ना, मेलेल्या सभासदांची नावं डागलेली? वेल्लो म्हणतो, नियम मोडून जो मेला त्याचं नाव तिथे जात नाही. आजवर तसं चालत आलंय. एप्रिलात सभा आहे, तिथे ठरवणार.’

‘हो.’

‘विनाकारण, मेर्या. तो नियम कल्युनेच आणला होता, पूर्वी एकाच्या पायात छर्रे गेले तेव्हा. बेचाळीस वर्षं मी त्याच्याबरोबर काढली. तो माणूस विनाकारण उठून खिडकीसुद्धा उघडत नव्हता. लोक म्हणतात, प्यायला असेल. दुकानात बाया माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात.’ पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ‘तुझ्या बापाने काही सांगितलं होतं का? जाताना, किंवा आधी?’

‘नाही,’ मेर्या म्हणाली. ‘त्यांनी काही सांगितलं नाही.’

हे अक्षरशः खरं होतं.

त्याच आठवड्यात दुसरा कागद आला. जप्त केलेली रायफल वारसाला सोडवता येईल; त्यासाठी वारसाकडे त्या रायफलीचा परवाना आणि नावावर पास असावा. नसेल तर ती नष्ट करायला संमतीची सही द्यावी. मेर्याने आयुष्यात बंदूक झाडली नव्हती. ती कागद घेऊन परवाना कार्यालयात गेली. खिडकीत हेन्नाच होती. तिने नाव वाचलं आणि तिचा चेहरा मऊ झाला.

‘वाईट वाटलं ऐकून. मला आठवतात ते. किती मिस्कील होते ना? ती आजोबांची बंदूक.’ ती आठवून हसली. ‘दिवसभर इथे सगळे गंभीर चेहरे असतात. त्यांनी त्या दिवशी हसवलं होतं.’

मेर्याने काउंटरच्या कडेला हात टेकले.

‘हे सोपं आहे,’ हेन्ना म्हणाली. ‘इथे खाली सही केलीत की आम्हीच त्यांना कळवतो. तुम्हाला तिकडे जायची काहीच गरज नाही.’

मेर्याने सही केली. हेन्नाने शिक्का मारला आणि म्हणाली, झालं. खरंच झालं होतं. आता तिला समुद्रापलीकडे बोलावणारा एकही कागद उरलेला नव्हता.

एप्रिलातल्या सभेच्या शनिवारी ती सकाळच्या जहाजाने गेली. बंदरावर तिच्याकडे पेटी नव्हती, म्हणून कुणी थांबवलं नाही. लेपिस्तेची बस झोपडीपासून दोन मैलांवर सोडते; ती चालत गेली. सावलीत अजून बर्फ होतं. वाटेत तिने काय बोलायचं ते तीन-चारदा मनात मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी बाबा मध्ये येऊन उभे राहत, टोपी घातलेले, काही न कळलेले. माइमुला सांगितलं की उद्या अख्ख्या गावाला ठाऊक होईल, ताइस्तोच्या हाती बंदूक द्यायला नको होती. एकतीस वर्षं ज्या अंगणात त्यांचं नाव हसत घेतलं गेलं, तिथे ते असं घेतलं जाईल. आणि सांगितलं नाही तर कल्युचं नाव फळीवर जाणार नाही. दोन्ही माणसं मेलेली होती आणि दोघांचंही एवढंच उरलं होतं.

झोपडीत शेकोटी पेटवलेली होती. माणसं बाकांवर बसली होती, माइमु एकटी दाराजवळ, कोट न काढता. मेर्याला पाहून तिने बाकावरची पिशवी उचलली आणि जागा केली. काही विचारलं नाही. भिंतीवर ती फळी होती, काळपट, डागलेली नावं चौदा.

वेल्लोने अहवाल वाचून दाखवला. ‘विनाकारण’ आला तेव्हा माइमुने खाली पाहिलं.

‘त्याला घाई झाली असणार,’ मागून एकजण म्हणाला. ‘पुढे डुक्कर दिसलं असेल.’

‘कल्युला घाई?’ दुसरा म्हणाला. ‘तो स्वतःच्या लग्नाला उशिरा आला होता.’

‘चाळीस मिनिटं,’ माइमु म्हणाली. ‘म्हणे कुत्रा सापडत नव्हता.’

थोडं हसू फुटलं आणि विझलं. वेल्लोने कागद खाली ठेवले. ‘हे बघा, मला हे करताना आनंद होत नाहीये. कल्यु माझा दोस्त होता. पण त्यानेच केलेला नियम त्याच्यासाठी वाकवला, तर उद्या चराशी कोण थांबणार? त्याच्याकडे कारण असतं तर गोष्ट निराळी. कुणाला माहीत असेल तर सांगा.’

शेकोटीत लाकूड बसलं. मेर्या उभी राहिली. तिने पुढच्या बाकाची पाठ धरली.

‘मला बोलायला फिनिशच येतं,’ ती म्हणाली.

‘बोल,’ वेल्लो म्हणाला. ‘हळू बोल. आम्हाला समजतं.’

‘चिठ्ठीत सात नंबर आपोआप आला नव्हता. कल्युने तो बाबांच्या हातात दिला. आदल्या दिवशी, लाकडांच्या ढिगाशी, त्याने मला विचारलं होतं की ताइस्तोला घरी ठेवू का. त्याच्या लक्षात आलं होतं. माझ्या तर फार आधीच आलं होतं. बाबांना माणसं आठवत नव्हती, कुठली बंदूक आपली ते आठवत नव्हतं. पास काढताना त्यांनी चुकीची बंदूक सांगितली. तिथल्या मुलीला शंका आली, तर मी म्हणाले, ते थट्टा करतात. मी हसले, म्हणून तीही हसली. तो पास मी मिळवला, बाबांनी नाही.’

तिने माइमुकडे पाहिलं आणि मग तिच्याशीच बोलत राहिली.

‘कल्यु म्हणाला होता, मी सांगितलं तर तो ऐकेल. मी नको म्हणाले. मला माझा बाप अजून एक वर्ष हवा होता. मी कल्युला म्हणाले, त्यांच्यावर लक्ष ठेवा, आणि वेल्लोला सांगू नका. म्हणून तो कुणालाच काही बोलला नाही. तो प्यायला नव्हता, माइमु. त्याला घाई नव्हती. धुक्यात त्याला सात नंबरचं ठाणं दिसत नव्हतं, म्हणून तो चर ओलांडून माझ्या बापाला बघायला निघाला होता. त्याला मी पाठवलं होतं.’